महाराष्ट्राच्या ४८ खासदारांना खुलं पत्र : निकोबारच्या त्या किनाऱ्यासाठी सभागृहात बोला

सन्माननीय खासदार साहेब आणि खासदार ताई,

नमस्कार. महाराष्ट्रातून लोकसभेत गेलेल्या तुम्हा सगळ्या ४८ जणांना हे पत्र लिहितेय, पक्ष कुठलाही असो. विषय ग्रेट निकोबार बेटाचा आणि तिथे येऊ घातलेल्या मोठ्या प्रकल्पाचा आहे. आता तुम्ही म्हणाल की रत्नागिरी जिल्ह्यातल्या बाईला निकोबारचं काय पडलंय, आणि आम्हाला तरी का लिहितेय, तिथला खासदार आहे की. तेच सांगायचंय. अंदमान-निकोबारला पाचशेहून जास्त बेटं आहेत आणि लोकसभेत जागा एकच. ग्रेट निकोबारच्या जंगलात राहणारे शोंपेन लोक २०११ च्या जनगणनेत २२९ होते आणि २०२४ च्या निवडणुकीत त्यांच्यातल्या ७ जणांनी पहिल्यांदाच मतदान केलं. सात मतं. तुमच्या मतदारसंघात एका वाड्यातून यापेक्षा जास्त मतं निघतात. मग ज्यांच्याकडे मतं नाहीत त्यांचं कोण बोलणार, आणि जे मतदानच करू शकत नाहीत, म्हणजे कासव, पक्षी, झाडं, त्यांचं कोण बोलणार? तुम्ही ४८ आहात म्हणून तुम्हाला लिहितेय.

दुसरं कारण घरचं आहे. १९६९ ते १९८० च्या दरम्यान सरकारने माजी सैनिकांची ३३० च्या आसपास कुटुंबं ग्रेट निकोबारला नेऊन वसवली, पंजाब, केरळ, तामिळनाडू, आंध्र आणि आपला महाराष्ट्र. प्रत्येकाला अकराएक एकर जमीन दिली, थोडी भातासाठी, थोडी नारळ-सुपारीसाठी, थोडी घरासाठी. माझ्या आईचे मामा त्यातले एक. आम्ही सगळे त्यांना निकोबारचे मामा म्हणायचो. फौजेतून रिटायर झाले, गावात वाटणीला चार गुंठे येणार होते, ते सोडून बायकापोरं घेऊन देशाच्या पार शेवटच्या टोकाला गेले, जिथून सुमात्रा दोनशे किलोमीटरच्या आत आहे आणि चेन्नई दीड हजारापेक्षा जास्त. त्यांचं पत्र यायला महिना लागायचा आणि त्यात हटकून एक वाक्य असायचं की इथला पाऊस बघून कोकणाची आठवण येत नाही कारण कोकणच आहे असं वाटतं.

मी एकदाच गेले तिकडे, जानेवारी २००३ मध्ये, कॉलेजात होते. चेन्नईहून जहाजाने पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम), तिथून परत जहाज, कार निकोबार, कमोर्टा असं थांबत थांबत कॅम्पबेल बे, ग्रेट निकोबारचं मुख्य गाव. पोटात अन्न ठरत नव्हतं. मामा धक्क्यावर उभे होते, लुंगी, मिलिटरीचा जुना स्वेटर खांद्यावर, आणि पहिलं वाक्य मराठीत, "काय गं, लागली का बोट?" त्या धक्क्यावर मराठी ऐकून मला रडू आलं होतं.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मामांनी ओळखीतल्या कोणाची तरी जीप काढली आणि आम्ही दक्षिणेकडे निघालो, चाळीसेक किलोमीटर, गॅलाथिया बे नावाच्या खाडीकडे. तिथे तेव्हा वनखात्याचा कासवांचा कॅम्प असायचा. चांदणं नव्हतं. बसून बसून पाय बधीर झाले आणि मग पाण्यातून काहीतरी वर आलं जे मला आधी खडक वाटलं, आणि खडक हलायला लागला. लेदरबॅक. जगातलं सगळ्यात मोठं कासव. नुसती पाठच माझ्या उंचीएवढी असेल, आणि त्या पाठीवर आपल्या कासवांसारखं कडक कवच नाही, काळी रबरासारखी कातडी आणि लांबच्या लांब सात धारा. श्वास घेतला की लोहाराचा भाता ओढल्यासारखा आवाज. मागच्या वल्ह्यांनी ती खड्डा खणत होती, एक वल्हं वाळू उचलून बाजूला टाकणार मग दुसरं, बघत नव्हती मागे वळून, वल्ह्यालाच जणू डोळे होते. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते अंगातलं मीठ बाहेर टाकण्यासाठी असतं असं कॅम्पवरच्या माणसाने हळू आवाजात सांगितलं. मामा म्हणाले, कशासाठी का असेना, बाळंतीण आहे, टॉर्च लावू नका कोणी. तासा-दीड तासाने ती खड्डा बुजवून परत गेली आणि वाळूत ट्रॅक्टर गेल्यासारखी वाट राहिली.

हे प्राणी एक हजार मीटरच्या खाली बुडी मारतात, जेलीफिश खाऊन अर्ध्या टनाचे होतात. नंतरच्या काळात शास्त्रज्ञांनी लिटल अंदमानवरच्या माद्यांना सॅटेलाइट टॅग लावले तर काही ऑस्ट्रेलियाच्या दिशेने गेल्या आणि काही पार आफ्रिकेकडे, मोझांबिकपर्यंत. अख्खा हिंदी महासागर त्यांचं अंगण आहे. पण अंडी घालायला परत येतात ते ठरलेल्या मोजक्या किनाऱ्यांवर. भारतात आज लेदरबॅक अंदमान-निकोबारमध्येच अंडी घालतात, आणि त्यातही गॅलाथिया बे ही त्यांची सगळ्यात महत्त्वाच्या जागांपैकी एक.

आणि नेमकं तिथेच कंटेनर पोर्ट बांधायचं ठरलंय.

तुम्हाला प्रकल्प माहीत असेल, तरी एकदा सगळं एका जागी लिहिते कारण तुकड्या तुकड्याने ऐकलं की त्याचा आकार कळत नाही. वर्षाला १ कोटी ४२ लाख कंटेनर हाताळेल असं ट्रान्सशिपमेंट पोर्ट (म्हणजे एका जहाजावरून कंटेनर उतरवून दुसऱ्यावर चढवायचं बंदर), विमानतळ, वीजनिर्मिती केंद्र आणि टाउनशिप. खर्च सुरुवातीला ७२,००० कोटी सांगितला. एकूण जागा १६६ चौरस किलोमीटर, त्यातलं १३०.७५ चौरस किलोमीटर जंगल. आता हा आकडा डोळ्यासमोर येत नाही म्हणून असं बघा, बोरिवलीचं अख्खं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान साधारण १०४ चौरस किलोमीटर आहे. इथलं जाणारं जंगल त्याहूनही मोठं आहे. झाडं तोडायची त्यांचा सरकारने संसदेत सांगितलेला अंदाज ९ लाख ६४ हजार. ऑक्टोबर २०१९ मध्ये आरेत मेट्रो कारशेडसाठी एक-दोन रात्रींत दोन हजारांवर झाडं पडली तेव्हा मुंबई रस्त्यावर आली होती, तुमच्यातले काही जण पण आले होते, मी टीव्हीवर बघितलंय. ते बरोबरच होतं. निकोबारच्या झाडांसाठी कोण रस्त्यावर येणार, तिथे रस्ताच एक आहे.

आज बेटावर आठ हजारांच्या आसपास लोक आहेत. तीस वर्षांत साडेतीन लाख करायचे म्हणतात.

जानेवारी २०२१ मध्ये काय झालं ते बघा. गॅलाथिया बे हे १९९७ पासून वन्यजीव अभयारण्य होतं, कासवांसाठीच. राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने ५ जानेवारीला ते अभयारण्य रद्द करायला मान्यता दिली. आणि त्यानंतर काही आठवड्यांतच त्याच पर्यावरण मंत्रालयाने सागरी कासवांचा राष्ट्रीय कृती आराखडा काढला, त्यात याच गॅलाथिया बेचं नाव महत्त्वाची जागा म्हणून आहे. एकाच खात्याचे दोन कागद, एक म्हणतो जपा आणि एक म्हणतो मोकळं करा. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर २०२२ मध्ये जंगलाची पहिल्या टप्प्याची मंजुरी आणि ११ नोव्हेंबर २०२२ ला पर्यावरण मंजुरी. अख्ख्या बेटाचं भवितव्य दोन वर्षांच्या आत ठरून गेलं, तेही मधे कोविड असताना.

मंजुरीच्या कागदात सांगितलंय की खाडीच्या पश्चिमेकडची वाळू, जिथे कासवं जास्त चढतात, ती मोकळी ठेवू. मी कासवांच्या गावांच्या पट्ट्यात राहते म्हणून यावर दोन शब्द बोलण्याचा मला अधिकार आहे असं मी समजते. वेळासला २००२ च्या सुमाराला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने काम सुरू केलं, त्याच्या आधी आमच्याकडे कासवाची अंडी उकरून खायचे, विकायचे, खोटं कशाला बोलू. आज त्याच गावांत कासवमित्र पहाटे चारला किनारा चालतात, घरटं सापडलं की खोली मोजून अंडी उचलून हॅचरीत तेवढ्याच खोलीवर पुरतात, आणि पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं बाहेर आली की समुद्रात सोडतात. बाहेरच्यांना वाटतं की बघा, अंडी हलवता येतात, मग काय प्रॉब्लेम आहे. पण हॅचरी कुठे असते? त्याच किनाऱ्यावर, भरतीच्या रेषेच्या थोडी वर, काहीशे मीटरवर. वाळू तीच, समुद्र तोच. आम्ही अंडी हलवतो, किनारा हलवत नाही. आणि मोठी मादी पाण्यातून वर यायच्या आधी जे बघते ते म्हणजे काळोख. समोर फ्लडलाइट, ड्रेजर, ब्रेकवॉटरच्या भिंती, दिवसरात्र येणारी चारशे मीटरची जहाजं, आणि बाजूला एक वाळूचा तुकडा तिच्यासाठी राखीव. पिल्लांचं तर अजून वाईट, ती उजेडाकडे चालतात, एवढंच त्यांना येतं. आमच्याकडे किनाऱ्यावरच्या एका हॉटेलचा हॅलोजन बंद करायला आम्हाला किती विनवण्या कराव्या लागल्या होत्या ते मला ठाऊक आहे, तिथे एका बंदराचे दिवे कोण बंद करणार?

२०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर टॅग लावलेलं ऑलिव्ह रिडले जातीचं एक कासव २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आलं. पूर्व किनाऱ्यावरून निघून पश्चिम किनाऱ्यावर, साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास. आम्ही सगळे वेडे झालो होतो आनंदाने. तेव्हापासून मला निकोबार लांब वाटत नाही, समुद्राच्या हिशोबात ते शेजारचंच गाव आहे.

कासवाचं निदान नाव तरी लोकांना माहिती असतं. मेगापोड कुणाला माहिती? निकोबार मेगापोड, साधारण कोंबडीएवढा तपकिरी पक्षी, पाय मोठे दणकट, जगात फक्त निकोबार बेटांवर आहे, दुसरीकडे कुठेच नाही. हा पक्षी अंड्यांवर बसत नाही. किनाऱ्याला लागून जंगल सुरू होतं ना, तिथे वाळू, माती, पालापाचोळा पायाने ओढून ओढून मोठा ढीग करतो, माणसाच्या कमरेएवढा आणि कधी त्याहूनही मोठा, आणि त्यात अंडी पुरतो. गावाकडे शेणखताच्या ढिगात हात घातलाय का कधी? आत कशी ऊब असते? तीच ऊब. पाला कुजतो, त्या उष्णतेवर अंडं उबतं. पिल्लू बाहेर येतं ते एकटं उकरून, पिसांसकट, आणि आईबाप कोण हे न बघता जंगलात चालू लागतं. मामांच्या नारळाच्या बागेच्या कडेला असा एक ढीग होता आणि मामांनी त्याच्या भोवती कधी साफसफाई केली नाही, आमच्या मामी म्हणायच्या की यांना घरातला पसारा चालत नाही पण कोंबडीचा चालतो.

मेगापोडला ही किनाऱ्याची कडच लागते, आत डोंगरात नाही चालत. आणि प्रकल्पाची सगळी भूक याच कडेवर आहे, पोर्टही तिथेच, विमानतळही किनाऱ्यालाच. प्रकल्पाच्या स्वतःच्या पर्यावरण अहवालात त्या भागात मेगापोडची ५१ चालू घरटी मोजली आहेत आणि त्यातली ३० च्या आसपास कायमची जातील असं लिहिलंय. त्याच्या बदल्यात मेंचाल नावाच्या छोट्या बेटावर मेगापोडचं अभयारण्य, लिटल निकोबारवर लेदरबॅकचं, मेरो बेटावर प्रवाळांचं. तिथे हे जीव आधीपासून आहेतच की! आधीच जे वाचलेलं होतं त्याला पाटी लावली, याला भरपाई कशी म्हणायची. प्रवाळांच्या २०,६६८ वसाहती मोजल्यात, त्यातल्या १६,१५० उचलून दुसरीकडे लावणार. समुद्राच्या तळावरून सोळा हजार वसाहती, एकेक.

बाकी कितीतरी जीव राहिले. निकोबारचं लांब शेपटीचं माकड (मामांचा आणि त्यांचा नारळावरून रोजचा झगडा, तिथल्या शेतकऱ्यांना ती माकडं खरंच त्रास देतात, हेही लिहायला हवं), निकोबारचा ट्रीश्रू म्हणजे खारीसारखा दिसणारा पण खार नसलेला प्राणी, तिथला छोटा सर्पगरुड जो जगातल्या सगळ्यात लहान गरुडांमध्ये धरतात, झाडावर चढून नारळ फोडणारा रॉबर खेकडा, नदीतली खाऱ्या पाण्याची मगर. बेटावरच्या जीवांचं एक वेगळं असतं. आपल्या सह्याद्रीत एका डोंगरावरचं जंगल गेलं तर बिबट्या दुसऱ्या डोंगरावर जातो, उसात शिरतो, कसा का होईना जगतो. बेटावरचा जीव कुठे जाणार, पुढे पाणीच आहे.

आणि तोडलेल्या जंगलाची भरपाई म्हणून झाडं कुठे लावणार? हरियाणात. अरवलीत झाडं लावावीत, हजार वेळा लावावीत, त्या बिचाऱ्या डोंगरांना खरंच गरज आहे. पण वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या विषुववृत्ताजवळच्या जंगलाची भरपाई बाभळीच्या प्रदेशात होते हे कुठल्या हिशोबाने? मेगापोड काय विमानाने जाणार गुरुग्रामला?

आता माणसांकडे येते. शोंपेन जंगलात राहतात, शिकार करतात, केवड्याच्या जातीतल्या झाडाचं फळ त्यांचं मुख्य अन्न. बाहेरच्या लोकांशी संबंध अगदी कमी, त्यामुळे आपल्याला दोन दिवस झोपवणारा ताप त्यांच्या अख्ख्या वस्तीला संपवू शकतो. वेगवेगळ्या देशांतल्या ३९ अभ्यासकांनी, ज्यांचा विषयच वंशसंहार हा आहे, फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्रपतींना पत्र लिहून सांगितलं की हा प्रकल्प म्हणजे शोंपेनांसाठी मृत्यूची शिक्षा ठरेल. आणि निकोबारी लोक, त्यांची गावं पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्यावर होती. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामीत ती गेली, कितीतरी माणसं गेली, वाचले त्यांना कॅम्पबेल बेजवळ राजीव नगर आणि न्यू चिंगेन्हला आणून ठेवलं. तात्पुरतं. वीस वर्षं उलटून गेली, ते अजून तिथेच आहेत आणि परत आपल्या गावी जाऊ द्या म्हणतायत. ज्या जमिनीवर परत जायचंय त्यातली जमीन या प्रकल्पात जाते हे त्यांना नीट सांगितलं नव्हतं, म्हणून लिटल आणि ग्रेट निकोबारच्या आदिवासी परिषदेने नोव्हेंबर २०२२ मध्ये आपली ना-हरकत मागे घेतली. आपल्या गावात ग्रामसभेने ठराव मागे घेतला तर तहसीलदार दहा वेळा विचार करतो. तिथे काम पुढेच चाललंय.

त्सुनामीबद्दल अजून एक. त्या दिवशी बेटाचं दक्षिण टोक चार मीटरपेक्षा जास्त खाली गेलं. लाटेने आलं-गेलं असं नाही, जमीनच खचली, इंदिरा पॉइंटच्या दीपगृहाचा पाया तेव्हापासून पाण्यात आहे. गॅलाथियाचा किनारा, ज्याच्यावर मी ती रात्र काढली होती, तो नाहीसा झाला. मामांचं घर उंचावर होतं म्हणून माणसं वाचली, बाग गेली, तो मेगापोडचा ढीगही गेला. मामा त्यानंतर तीन वर्षांनी वारले, पण जायच्या आधी एकदा सॅटेलाइट फोनसारखा आवाज येणाऱ्या लाइनवर आईला म्हणाले होते, वाळू परत यायला लागलीय गं. खरंच आली. समुद्राने वर्षानुवर्षं थोडी थोडी वाळू आणून टाकली आणि मग कासवं परत आली, आता पुन्हा शेकड्याने घरटी होतात. मेगापोडची संख्या त्सुनामीत सत्तर टक्क्यांच्या आसपास घटली असा अभ्यास आहे, ते अजून सावरतायत. म्हणजे ज्या किनाऱ्याने जगातल्या सगळ्यात मोठ्या भूकंपांपैकी एक सोसून पुन्हा अंग धरलंय तिथे आपण आता काँक्रीट ओतणार. आणि तोच भूकंपाचा सगळ्यात धोक्याचा पट्टा आहे, झोन पाच, तिथे हजारो कोटींचा धक्का आणि साडेतीन लाख माणसं नेऊन बसवणार. हे मला खरंच समजत नाही, पैशाच्या भाषेतही समजत नाही.

देशाच्या सुरक्षेचा मुद्दा मी टाळणार नाही कारण मी फौजीच्या घरातली आहे. मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या तोंडाशी ते बेट आहे, तिथे आपलं लक्ष हवं, आपली जहाजं हवीत, विमानं हवीत, कुणाची ना आहे? मामांना तिथे नेलं ते त्याचसाठी. कॅम्पबेल बेला २०१२ पासून नौदलाचा आयएनएस बाझ हा तळ आहे, त्याची धावपट्टी वाढवा, त्याला लागेल ते द्या, एक शब्द बोलणार नाही. पण कंटेनर उतरवून चढवायचं व्यापारी बंदर, पर्यटनाची टाउनशिप, हॉटेलं, यात संरक्षण कुठे आहे ते मला कोणी समजावून सांगा. आणि ट्रान्सशिपमेंटच पाहिजे तर केरळात विझिंजम डिसेंबर २०२४ पासून सुरू झालंय, आपल्या पालघरला वाढवणला ७६,००० कोटींचं बंदर मंजूर झालंय (तिथल्या मच्छीमारांचं म्हणणं हा वेगळ्या पत्राचा विषय आहे, तेही ऐका). अजून एक, तेही नेमकं कासवाच्या वाळूवर, कशाला?

आम्हा कोकणातल्या लोकांना सीआरझेड, म्हणजे किनाऱ्याजवळ कुठे काय बांधता येतं याचा नियम, तोंडपाठ आहे. घराची पडवी दोन फूट वाढवायची तर भरतीची रेषा कुठे, परवानगी कुठून, किती चकरा, सगळं माहीत आहे आणि आम्ही ते पाळतो, कुरकुरत का होईना. त्या नियमात सगळ्यात कडक वर्ग आहे एक-अ, कासवांची आणि पक्ष्यांची अंडी घालायची जागा, प्रवाळ, खारफुटी त्यात येतात. बेटांसाठीचा नियम वेगळा आहे, पण त्यातही या वर्गाच्या जागेत बंदराला बंदी आहे. अंदमानच्या किनारा प्राधिकरणानेच आधी लिहून दिलं होतं की प्रकल्पाचे सात चौरस किलोमीटर या वर्गात येतात. मग राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने एप्रिल २०२३ मध्ये एक उच्चाधिकार समिती नेमली, तिच्या प्रमुखपदी पर्यावरण सचिव, म्हणजे ज्या मंत्रालयाने मंजुरी दिली त्याचेच, आणि नव्याने पाहणी होऊन निष्कर्ष निघाला की बंदराचा कुठलाच भाग एक-अ मध्ये येत नाही. कासवं तीच, वाळू तीच, प्रवाळ तेच, फक्त नकाशाचा रंग बदलला. आणि तो समितीचा अहवाल लोकांना वाचायला मिळत नाही, गोपनीय म्हणतात. कासवाच्या घरट्यात कसली गोपनीयता आली?

म्हणून तुमच्याकडे मागणं आहे, आणि ते तुमच्या हातातलं आहे. येत्या अधिवेशनात हा अहवाल सभागृहाच्या पटलावर ठेवा असं तुमच्यातल्या एकाने तरी उभं राहून मागा. तारांकित प्रश्न टाका की आदिवासी परिषदेने ना-हरकत मागे घेतल्यावर वनहक्क कायद्याखाली पुढे काय केलं, शोंपेनांना कोणी कुठल्या भाषेत विचारलं आणि त्यांनी काय सांगितलं. गॅलाथिया बे पुन्हा अभयारण्य करा आणि बंदर तिथून काढा, हे लेखी मागा. राजीव नगरच्या लोकांना त्यांच्या गावी कधी जाऊ देणार याची तारीख मागा. सत्तेतल्या खासदारांना माझी जास्त विनंती आहे कारण तुमचं आतल्या बैठकीत ऐकलं जातं, तुम्हाला बाहेर बोलणं जड जात असेल तर आत बोला, आम्हाला श्रेय-अपश्रेय काही नको. विरोधातल्यांनी कृपा करून याची नुसती घोषणा करू नका, कागद वाचून बोला, कारण समोरून सुरक्षेचं नाव आलं की अर्धवट तयारीचा माणूस गप्प बसतो.

आणि जमलं तर जा तिकडे. मामांची मुलगी अजून कॅम्पबेल बेला आहे, तिची मुलं मराठी समजतात, बोलायला हिंदी बरी पडते त्यांना. ती मागच्या महिन्यात फोनवर म्हणाली की ताई, इथे दोन्ही बाजूंची माणसं आहेत, काहींना नोकऱ्या पाहिजेत, हॉस्पिटल पाहिजे, बोट वेळेवर पाहिजे, आणि ते चुकीचं नाही. मीही तेच म्हणते, त्यांना चांगलं हॉस्पिटल द्या, महिन्यातून जास्त बोटी द्या, हे बंदर न बांधताही देता येतं. तिने सांगितलं की साहेब लोक येतात ते हेलिकॉप्टरने सकाळी येतात आणि दुपारी जातात. त्या वेळात तिथे नुसती वाळू दिसते.

तुम्ही जाल तर डिसेंबर-जानेवारीत जा, अमावास्येच्या आसपास, आणि एक रात्र गॅलाथियाला थांबा. वनखात्याची परवानगी आधी काढावी लागेल. टॉर्चला लाल कागद लावून न्या, पांढरा उजेड तिच्यावर पाडू नका, आणि ती वर चढत असताना समोर जाऊ नका, मागे वाळूत बसून राहा.

आपली नम्र,
रत्नागिरी जिल्ह्यातली एक मतदार